तुरीच्या ओळीपलीकडची तोफ

माझ्या मोठ्या जावेनं देवळीच्या शिवारात जी लढाई लावली, तशी कोणा राजानंही लावली नसेल. घोडा नाही, तलवार नाही. नुसती दोन जहाजं, तीही आकाशात, चंद्राच्या कितीतरी पलीकडं. आणि ऐकणाऱ्या बायांचे हात कापसाच्या बोंडांवर, गालात तंबाखूची चिमूट, कमरेला बांधलेला ओटा कापसानं फुगलेला. माझं माहेर पवनारचं. नदीचं पाणी आणि सकाळची प्रार्थना एवढ्याच आवाजांची मला सवय. तोफांच्या गोष्टी बायकांनी करायच्या असतात हे मला सासरी येऊन कळलं, आणि कळलं ते बरंच झालं.

एकोणऐंशी सालची गोष्ट. मोठे दीर, आमच्याकडं त्यांना भासरे म्हणतात, आदल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांचं वावर आणि आमचं वावर म्हणजे तसा एकच तुकडा, अजून वाटणी न झालेला. मधे धुरा, म्हणजे बांध, नव्हता. वडिलांच्या वेळेपासून दोघा भावांमधली खूण म्हणून तुरीची एक ओळ तेवढी पेरायचे. तुरीच्या अलीकडं भासऱ्यांचं, पलीकडं आमचं.

ते गेल्यावर सासूबाईंनी निकाल दिला. जावेनं एक हंगाम स्वतः करून पाहावा. कापूस वेचून घरात आला तर वावर तिच्या हाती राहील. पऱ्हाटीवरच राहिला तर वावर धाकट्याकडं, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडं, मक्त्यानं जाईल आणि तिनं वर्ध्याला भावाकडं जाऊन राहावं. सासूबाई वाईट नव्हत्या. पण एकटी बाई वावर करते हे त्यांच्या मनाला पटतच नव्हतं, जसं काही माणसांना चहात मीठ पटत नाही. जावेनं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती हरली तर फायदा माझ्याच घराचा होता. ते मला कळत होतं. तरी मी पहिल्या दिवसापासून तिच्या बाजूची. कारण साधं आहे, मला ती फार आवडायची. स्वयंपाक बेताचा करायची, बोलणं खमंग करायची.

आता ज्यांनी कापूस पाहिला नाही त्यांना एक सांगायला हवं. कापूस सगळ्यांचा एकदमच फुटतो. अख्खं शिवार पांढरं होतं आणि हात तेवढेच असतात. वेचणाऱ्या बायांची टोळी ज्याच्या वावरात गेली त्याचा कापूस घरी आला. बाकीच्यांनी आभाळाकडं बघत बसायचं, कारण अवकाळी सर आली की तोच कापूस काळा पडतो. त्यामुळं हंगामात गावातल्या भल्याभल्यांची जीभ मऊ होते.

जावेकडं येणाऱ्या टोळीची म्होरकी गोंड घराण्यातली, वयानं पन्नाशीच्या पुढची, उंच, सावळी, कमी बोलणारी. तिच्या सुना, पुतणसुना मिळून टोळी. आपसांत त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, आमच्याशी आमच्या. वेचणी सुरू करायच्या दिवशी सीतादही करतात. वावराच्या कडेला दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि थोडा चारी दिशांना उधळायचा. जाऊ विधवा, म्हणून सासूबाईंनी पूजेला मला पाठवलं होतं. मी दगड मांडले, कुंकू वाहिलं, ताट उचललं. म्होरकीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि सरळ जावेच्या हातात दिलं.

“वावर जिचं, तिनंच उधळलं पायजे,” ती म्हणाली.

जावेनं दहीभात उधळला. तिचे डोळे भरले होते. घरी सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी पूजा छान झाली एवढंच सांगितलं.

लढाई त्याच दिवशी सुरू झाली. त्या पावसाळ्यात आकाशातलं एक मोडकं यान कुठंतरी पडणार अशी हूल उठली होती. देवळीच्या बाजारात माणसं मान वर करून भाजी घ्यायची. म्होरकीच्या धाकट्या सुनेला अजून त्याचा घोर लागलेला. तिनं वेचता वेचता विचारलं की ते जहाज वर गेलं कशाला होतं, आणि आणखी आहेत का. आता जाऊ वर्ध्याला मॅट्रिक झालेली. भासरे दर दिवाळीला तिच्यासाठी अंक आणायचे, त्यातल्या विज्ञानाच्या गोष्टी ती आधी वाचायची आणि मग त्यातल्या चुका काढायची. नवराबायको जेवताना परग्रहावरच्या लढायांवरून भांडायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ते गेल्यावर तिच्याशी तसं भांडायला कोणी उरलं नव्हतं.

तिनं सांगायला सुरुवात केली. एक लहान जहाज आहे. त्यात बायकापोरं आहेत, गुरं आहेत आणि कोठ्या भरून सरकी आहे. नवी जमीन शोधत निघालेत. मागं एक थोरलं जहाज लागलंय, त्याला ती सरकी पाहिजे. लहान जहाजावर बारक्या तोफा आहेत चारी अंगांना. आणि एक मोठी तोफ आहे, जहाजाच्या शेपटापासून तोंडापर्यंत गेलेली. तोफेभोवतीच जहाज बांधलंय म्हणा ना. तिचा एक गोळा थोरल्या जहाजाचे दोन तुकडे करील.

मग डागत का नाहीत, असं बायांनी विचारलं. इथं माझी जाऊ खरी खुलली. ती म्हणाली की तोफ वळत नाही, अख्खं जहाज वळवावं लागतं. वळायला वेळ लागतो, आणि वळताना जहाजाची कूस उघडी पडते. शिवाय समोरच्याला दिसतं की हे आता तोंड फिरवताहेत. दुसरं असं की तोफ भरायला जहाजातली सगळी वीज लागते. डागली की आत काळोख, इंजिन बंद, बाहेरचं कवच गळून पडलेलं. पुन्हा वीज साठेपर्यंत जहाज म्हणजे नुसता डबा. नेम चुकला तर खेळ खलास.

हे बायांना समजावून सांगावं लागलं नाही. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की गावातले दिवे कसे लाल काडीएवढे होतात ते सगळ्यांनी पाहिलेलं. एक म्हणाली, मग बारक्या तोफांनीच मारत राहावं. जाऊ म्हणाली, मारताहेतच, पण थोरल्याचं कातडं जाड आहे, ओरखडे उठतात एवढंच. दुसरीनं गोफणीचा दाखला दिला. ज्वारीवरची पाखरं हाकायला बारका खडा बरा, हात लवकर फिरतो. थोरला धोंडा सुटेपर्यंत पाखरू दुसऱ्या वावरात. पण रानडुक्कर आलं तर खड्यानं त्याला गुदगुल्या होतात. झालं, तिथून डुक्कर पक्ष आणि पाखरू पक्ष असे दोन तट पडले. वेचता वेचता हमरीतुमरी. कापूस मात्र भराभर ओट्यात पडत होता, कारण भांडणारी बाई हात चालवल्याशिवाय भांडू शकत नाही.

मी रोज जेवणाची टोपली घेऊन जायला लागले. पूर्वी हे काम मला जड जायचं, आता मी नऊ वाजताच भाकरी बांधायची. सासूबाईंना वाटलं सुनेला वावराची गोडी लागली.

काय एकेक मुद्दे निघायचे! डुक्कर पक्षातली एक म्हणाली, लांबून मारायचं कशाला, अगदी जवळ येऊ द्यावं आणि मग डागावी, म्हणजे नेम चुकायचा प्रश्नच नाही. त्यावर म्होरकी पहिल्यांदा या भानगडीत बोलली. विहीर खोदताना सुरुंग लावतात तेव्हा एकदा एक दगड तिच्याच घराची कौलं फोडून चुलीपाशी पडला होता. “इतकी मोठी वस्तू जवळून फोडली त तुकडे आपल्याच आंगावर येते,” ती म्हणाली. जावेनं ते मानलं. दुसऱ्या दिवशी गोष्टीत तसा एक प्रसंगही आला. दुसरंच एक जहाज स्वतःच्या गोळ्याच्या तुकड्यांनी चाळणी झालेलं वाटेत तरंगताना सापडलं. त्या दिवशी मेलेल्या जहाजासाठी एकीनं पदर डोळ्याला लावला.

एकदा प्रश्न निघाला की तोफेनं किती जागा खाल्ली. जाऊ म्हणाली, अर्धं जहाज. तोफ नसती तर सरकीच्या कोठ्या दुप्पट मावल्या असत्या, पोरांना पाय पसरायला जागा मिळाली असती. हे ऐकून पाखरू पक्ष फार चढला. जे वाचवायचं त्याच्याच जागेवर तोफ बसवली, ही कोणती अक्कल? डुक्कर पक्षाचं म्हणणं, तोफ नसती तर दुप्पट सरकी शत्रूच्याच घरात गेली असती. दोन्ही बरोबर वाटायचं. मी भाकरी वाढताना ज्या पक्षाजवळ बसायची त्या पक्षाची व्हायची.

पण त्या हंगामातली सगळ्यात मोठी अक्कल धाकट्या सुनेची. बंदुकीला धक्का असतो तसा तोफेलाही असेल की नाही, हे तिनं आधी विचारून घेतलं. जाऊ म्हणाली, असणारच, गोळा पुढं गेला की जहाज मागं ढकललं जाणार, आकाशात धरून ठेवायला काही नसतं.

“मंग पळतानी मांगं तोंड करून डागा ना,” ती पोरगी म्हणाली. “लागो का नाई लागो, जहाज त पुढं पळन.”

जाऊ वेचायची थांबली. तिनं पोरीकडं असं पाहिलं, जसं भासरे एखाद्या मुद्द्यावर हरले की तिच्याकडं पाहायचे. मग ती इतकी हसली की ओट्यातला कापूस खाली सांडला. तिला त्या वर्षभरात हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. लगेच पुढच्या लढाईत लहान जहाज तसंच निसटलं, आणि आत चार घटका काळोखात, थंडीत, पोरांना पोटाशी धरून सगळे बसले. वेग मिळाला पण ऊब गेली. फुकट काही नाही, असा जावेचा शिरस्ता होता. ती कोणाची युक्ती नाकारायची नाही, फक्त तिची किंमत सांगायची.

मधे वर्ध्याहून तिचा भाऊ एसटीनं आला. तो कोर्टात कारकून. ओसरीवर सगळ्यांसमोर काही बोलला नाही, पण मी चहा घेऊन आत गेले तेव्हा तो तिला सांगत होता की जमिनीत तिचा हक्क आहे, नुसता वाटणीचा दावा लावायचा अवकाश. सासू, दीर कोणी काही करू शकणार नाही. तिनं मान हलवली. म्हणाली, ठाऊक आहे मला. मग आणखी थोडं बोलली ते मला लख्ख आठवतं. दावा लावला की वावर मिळेल, पण बैल कोणाचे, विहिरीची पाळी कोणाची, दुखलंखुपलं तर दार कोणाचं वाजवायचं? भाऊ चिडून म्हणाला की मग आयुष्यभर घाबरतच राहा. ती म्हणाली, घाबरत नाही, हिशेब करतेय.

मी चहा ठेवला आणि बाहेर आले. जावेची मोठी तोफ कोणती, ते मला त्या दिवशी कळलं. आणि घरात ते सगळ्यांनाच ठाऊक असणार, कारण भाऊ गेल्यावर सासूबाई जेवल्या नाहीत आणि आमचे हे उगाच बैलांवर खेकसले.

त्यानंतर आभाळ भरायला लागलं. त्याच सुमारास गावातल्या एका मोठ्या कास्तकारानं टोळ्या न्यायला ट्रॅक्टरची ट्रॉली पाठवायला सुरुवात केली. बसून जायचं, बसून यायचं, दुपारी चहा. आमच्या ह्यांनी बोलून ठेवलेली टोळी पहिल्याच सकाळी त्यात बसून गेली. जावेची टोळीही फाट्यावर उभी होती. ट्रॉलीवाला हाका मारत होता. गोष्टीत तेव्हा थोरल्या जहाजानं वाट अडवलेली आणि लहान जहाजाच्या कप्तानाला ठरवायचं होतं, डागायची की नाही. जाऊ टोपली डोक्यावर घेऊन वावराकडं चालू लागली. म्होरकीनं ट्रॉलीकडं पाहिलं, जावेच्या पाठीकडं पाहिलं आणि निघाली. तिच्यामागं बाकीच्या. ट्रॉलीत बसायला एवढी आसुसलेली धाकटी सूनही चालतच आली.

आणि मग ती चूक झाली. दुसऱ्या कुठल्या टोळीकडून ती झालीच नसती. कप्तानानं डागावी की नाही यावरून डुक्कर आणि पाखरू पक्षांची अशी जुंपली, की बाया वेचत वेचत तुरीच्या ओळीतून आरपार पलीकडं गेल्या. कोणाच्या ध्यानात आलं नाही. जावेच्याही नाही, ती चालता चालता दोन्ही बाजूंना उत्तरं देत होती. आमच्या वावराचा चांगला मोठा पट्टा त्यांनी साफ केला आणि तो सगळा कापूस जावेच्या गंजीत आणून ओतला. मी टोपली घेऊन पोचले तर हे बैलबंडी घेऊन गंजीपाशी उभे, तोंड लालबुंद.

“वहिनी, हा कापूस माह्या वावरातला आहे,” हे म्हणाले.

जावेनं मागं वळून पाहिलं. तुरीच्या पलीकडच्या पऱ्हाट्या उघड्या बोडक्या दिसत होत्या. बायांचे चेहरे उतरले. चोरीचा आळ टोळीवर आला तर गावात त्यांना पुन्हा कोण बोलावणार? ह्यांचा आवाज चढत गेला. पूर्वीपासूनची खूण दिसत नाही का, की आता खुणाही मानायच्या नाहीत? घरात काय ते स्पष्ट बोला, असं वावरात हात मारू नका.

मी टोपली तशीच धरून उभी होते. आता एकच शब्द. ‘मग करा वाटणी, घाला धुरा.’ तिनं तो उच्चारला असता तर चूक नव्हती. हे स्वतःच तिला तोफेचं तोंड फिरवायला लावत होते. मला दिसलं की तिच्या ओठांवर तो आलाय. म्होरकीलाही दिसलं असावं, कारण तिनं सुनेचा हात धरला.

“चूक झाली, भाऊजी,” जाऊ म्हणाली. “बायांची नाई, माही. गोष्टीत ध्यान होतं. सारी गंजी तुमच्या बंडीत भरून न्या.”

सारी म्हणाली ती. नुसता आमचा पट्टा नाही, तिची सकाळपासूनची वेचणीसुद्धा. हे गडबडले. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं पाट मांडून बसवलं की जसं होतं तसं. मग त्यांनी आभाळाकडं पाहिलं. आभाळ काळं होतं. मागं आमचं उरलेलं वावर पांढरंशुभ्र पडलेलं आणि आमची टोळी ट्रॉलीत बसून गेलेली.

म्होरकीनं तेवढ्यात ओटा सोडला. तिचं म्हणणं सरळ होतं. अर्धं वावर आम्ही चुकून वेचलं, उरलेलं उद्या जाणून वेचू. पण ह्या बाई संग पायजे. बाई नसतील तिथं टोळी येत नाही.

हे म्हणाले की वहिनींच्या पट्ट्यातला कापूस वहिनींच्याच नावानं वेगळा भरा, आणि उद्या या. त्या दिवशी सासूबाईंनी मक्त्याचं विचारलं तेव्हा, आधी कापूस तर घरात येऊ दे, असं म्हणून ते उठून गेले.

टोळीनं आधी जावेचं उरलेलं वेचलं, मग तुरीची ओळ ओलांडून आमचं. आभाळानं तेवढी मुभा दिली. शेवटच्या दुपारी गोष्टीचा शेवट व्हायचा होता. मी मुद्दाम थांबले. हेही बंडी भरायच्या निमित्तानं तुरीच्या आडोशाला घोटाळत होते. गेले कित्येक दिवस घोटाळत होते, हे मला नंतर म्होरकीनं सांगितलं.

जाऊ म्हणाली, कप्तानानं जहाज वळवलं. पूर्ण वळवलं, तोंड थोरल्या जहाजाकडं. कूस उघडी पडली तिथं चार गोळे खाल्ले, सोसले. आणि मग तसंच उभं राहिलं. डागली नाही. आतले सगळे दिवे लावून ठेवले, एकही मंद होऊ दिला नाही, म्हणजे तोफ केव्हाच भरून झाली असं समोरच्यानं समजावं. थोरलं जहाज थांबलं. दोन्ही कितीतरी वेळ समोरासमोर. शेवटी थोरलं हळूच बाजूला सरलं, आणि लहान जहाज मधून निघून गेलं.

डुक्कर पक्ष फार नाराज झाला. धाकटी सून तर रडकुंडीला आली. “डागायचीच नव्हती त वाह्यली कायले इतकी?” तिनं विचारलं. अर्धी जागा खाल्ली, पोरांना पाय पसरू दिले नाहीत, काय उपयोग? जाऊ म्हणाली की वाहिली म्हणून तर थोरलं थांबलं. म्होरकी ओट्यातला शेवटचा कापूस गंजीवर ओतत होती. तिनं नुसती मान हलवली, आणि तिनं मान हलवली म्हणजे गोष्ट मंजूर.

तेवढ्यात तुरीआडून हे बाहेर आले. मोठ्या वहिनीशी ह्यांनी कधी थट्टा केली नव्हती, आणि आताही चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

“वहिनी,” हे म्हणाले, “ते तोफ खरंच भरली होती का?”

सगळ्या बाया जावेकडं पाहू लागल्या. तिनं कमरेचा ओटा सोडला, झटकला, नीट घडी केली. मग सरळ ह्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“डागून पाहू का, भाऊजी?”

ह्यांनी खाली वाकून बंडीचं जू उचललं. मक्त्याचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. पुढं उन्हाळ्यात नांगरट आली तेव्हा ह्यांनी बैल आधी तुरीच्या अलीकडं, वहिनींच्या वावरात जुंपले.